वाकळीमागचं दुःख

कलकत्त्यात, बेहाल्याच्या बाजारात यामिनी मोघे वांगी निवडत होती, तेव्हा एका अनोळखी बाईनं येऊन तिचा हात हातात घेतला. बाई साठीच्या पुढची होती, पांढऱ्या साडीला बारीक निळा काठ, डोळे भरून आलेले. "दीदी, आप अकेली नहीं हैं," ती म्हणाली. यामिनीला वाटलं, माणूस ओळखण्यात काहीतरी घोटाळा झालाय. पण बाईनं फोन पुढे केला, आणि त्यात यामिनीच होती. मांडीवर वाकळ, बोटांत सुई, मान खाली. मग बंगालीच्या वळणाच्या हिंदीत बाई बोलत राहिली. तिचाही नवरा गेला, तिलाही वाटलं होतं आता संपलं सगळं, पण बाईमाणसानं हिंमत सोडायची नसते, तुमच्याकडे बघून मला बळ आलं. दोन पावलांवर यामिनीचा नवरा श्यामसुंदर भाजीवाल्याकडून बटाटे पिशवीत ओतून घेत होता. बाईनं त्याच्याकडेही पाहिलं, भाऊबिऊ समजून नमस्कार केला, आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

"कोण होती?" श्यामसुंदरनं विचारलं. यामिनी म्हणाली, गिऱ्हाईक.

ऑटोनं दोघं घराकडे निघाली. श्यामसुंदर तसा अबोलच. बँकेच्या नोकरीत बदल्या घेत घेत कलकत्त्याला आला, इथेच मुदतीआधी निवृत्ती घेऊन एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम पाहू लागला, आणि आकड्यांशी बोलून जे उरेल तेवढंच घरी बोलायचा. यामिनीच्या हातावर त्या बाईच्या तळव्याची ऊब अजून होती. तिला राग यायला हवा होता. धडधाकट नवरा शेजारी बसलाय, त्याच्या गुडघ्याशी बटाट्यांची पिशवी आहे, आणि एक बाई भर बाजारात आपलं सांत्वन करून गेली. पण तिला आठवत राहिलं ते निराळंच. तो हात तिनं लगेच सोडवून घेतला नव्हता. बाईच्या डोळ्यांत पाहताना तिनंही तो क्षणभर घट्ट धरला होता. त्या क्षणी ती खरोखरच कुणाची तरी विधवा होती. कुणाची, ते तिला सांगता आलं नसतं. मेट्रोच्या खांबांमागून खांब गेले, मिठाईची दुकानं गेली, औषधांची गेली, आणि ती आपल्या हाताकडे पाहत राहिली. दुसऱ्याच कुणाचा तरी हात चुकून आपल्या मांडीवर राहून गेलाय, असं तिला वाटत होतं.

घरी आल्यावर भाजी तशीच ओट्यावर टाकून तिनं फोन उघडला. 'धावदोरा' हे पान तिच्या वाकळींचं होतं, पण ते चालवायची केतकी, तिची मुलगी. केतकी इथेच वाढलेली, सॉल्ट लेकला एका कंपनीत कामाला. फोटो, व्हिडिओ, कुठल्या वेळी काय टाकायचं हे तिला कळायचं. त्याच फोटोच्या वर इंग्रजीत लिहिलं होतं. यामिनीनं ते सावकाश, एकेक शब्द बोटानं दाबल्यासारखं वाचलं. आयुष्य उसवलं, तेव्हा तिनं सुई हातात घेतली. एकटीनं. अनोळखी शहरात, रिकाम्या घरात, जुन्या साड्यांचे तुकडे जोडता जोडता तिनं स्वतःला जोडलं. खाली लोकांनी हात जोडले होते, रडले होते, आपापल्या मेलेल्या माणसांची नावं लिहिली होती. एवढी माणसं तिच्या वाकळींपाशी आजवर कधी आली नव्हती. फोटोत तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, कारण शिवताना त्या कापडाला अडतात. मंगळसूत्र दिसत नव्हतं, कारण दोरा अडकू नये म्हणून ती ते ब्लाउजच्या आत टाकते. लोकांनी एवढ्यावरून आपलं आपण ठरवलं होतं.

आयुष्य उसवलं. हा शब्द तिला सगळ्यात जास्त टोचला. कारण वाकळ तिनं पहिल्यांदा हातात घेतली तो दिवस तिला लख्ख आठवत होता, आणि त्या दिवशी काहीही उसवलेलं नव्हतं. कऱ्हाडला, माहेरी, त्यांच्या घरामागे कंपाउंडरची बायको राहायची, मंगलाकाकू. दुपारी तिच्या ओसरीवर लुगड्यांचे थर पसरलेले असायचे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले, आणि मंगलाकाकू त्यावर बसून कडेनं टाके घालत आत आत सरकायची. यामिनीची आई शाळेत शिकवायची. आपल्याकडे सोलापुरी चादरी आहेत, रजया आहेत, वाकळ ही ज्यांच्याकडे काही नाही त्यांनी पांघरायची गोष्ट, असं आईचं मत. शिवाय मंगलाकाकू शिवताना तोंडानं वाटेल ते बोलायची, नवऱ्याची नक्कल करायची, हसता हसता सुई तोंडात धरायची, तेही आईला पसंत नव्हतं. यामिनी शिवणाच्या क्लासला जाते असं सांगून तिथे जायची. अंगाखालचं मऊ, धुऊन धुऊन विरलेलं कापड, त्याला येणारा उन्हाचा आणि साबणाचा वास, आणि एक टाका दुसऱ्याच्या मागे जाताना बोटांना होणारी ती बारीक, चोरटी गंमत. दुःखाचा तिथे काही संबंधच नव्हता. असलाच तर तो आईशी खोटं बोलण्याचा थोडासा गुन्हा होता, आणि त्यानं गंमत वाढायचीच.

आणि कलकत्ता? कलकत्त्यात आली तेव्हा ती एकटी होती हे खरं. केतकी शाळेत, श्यामसुंदर बँकेत, खाली रस्त्यावर एक भाषा जी कानाला गोड लागायची पण दार उघडायची नाही. मराठी बोलायला महिन्यामासाला फोर्ट विल्यममधल्या एका सुभेदाराची बायको भेटायची, तिचीही बदली झाली. पण म्हणून तिनं सुई घेतली नव्हती. सुई घेतली ती पर्णश्री वस्तीतल्या घराच्या शेजारणीनं आपल्या आईची कांथा, म्हणजे बंगाली गोधडी, दाखवली म्हणून. बारीक टाक्यांची, मोर आणि कमळं भरलेली ती कांथा पाहून यामिनीला हेवा वाटला. आणि त्याहून जास्त, चुरस. आमच्याकडेही असतं असं, ती म्हणाली होती, आमचं फुलाबिलांचं नसतं, जाड असतं, दणकट असतं, त्यात माणूस झोपतो. शेजारीण हसली होती. त्या हसण्यावर चिडून यामिनीनं आपल्या जुन्या साड्या काढल्या होत्या. हे कुणी लिहिलं असतं तर तिला चाललं असतं. ही बाई दुःखानं नव्हे, शेजारणीवर चिडून शिवायला बसली.

तिनं स्वतः लिहिलंही होतं. केतकीनं पान सुरू करण्याच्या खूप आधीपासून यामिनीचा एक ब्लॉग होता, मराठीत. एकेक वाकळ झाली की ती त्याबद्दल लिहायची. ही साडी कुणाची, कुठे फाटली होती, पिवळ्याशेजारी जांभळं का लावलं, मधला थर धोतराचा का चांगला. कधी मध्येच मंगलाकाकूची एखादी गोष्ट. इंदूरची एक बाई वाचायची, धारवाडचे एक निवृत्त मास्तर प्रत्येक लेखाखाली शुद्धलेखनाची एखादी चूक दाखवून मग कौतुक करायचे. तेवढ्यावर अधूनमधून मागणी यायची. यामिनीला वाटायचं, ही माणसं वाकळ विकत घेतात तेव्हा त्यांना ती कोणती ते माहीत असतं. केतकी म्हणाली होती, आई, आता कोणी वाचत नाही, बघतात फक्त. आणि ते खरंच असावं, कारण घरातल्या घरात केतकीनंही तो ब्लॉग कधी वाचला नव्हता. तिला मराठी वाचताना अक्षरं लावत बसावी लागायची.

संध्याकाळी केतकी आली तशी यामिनीनं फोन तिच्यापुढे धरला. केतकी गडबडली नाही. तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि समजूत घालावी तशी बोलायला लागली. बाबा गेले असं तिनं कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकटी म्हणजे एकटी बसून शिवतेस तशी एकटी. लोकांनी काय समजायचं ते लोक समजले, त्यांना काही प्रत्येकाला जाऊन सांगायचं का. आणि बागबाजारला हातकाम करणाऱ्या बायकांचा मोठा मेळा भरतोय, त्यांनी स्वतःहून बोलावलंय, एक खास कोपरा देणार आहेत, मुलाखत थेट दाखवणार आहेत. हे सगळं त्या एका पोस्टमुळे.

"लोकांना वाकळ नको असते आई," केतकी म्हणाली. "वाकळच्या मागची दुःख पाहिजे असते."

"मागचं," यामिनी म्हणाली. "मागचं दुःख. आणि ते नाहीये."

केतकीनं फोन बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाली, "नाहीये का?"

मुलीनं हे उगीच विचारलं नव्हतं. लहानपणी शाळेतून आल्यावर तिनं आईला खिडकीशी उभी राहिलेली पाहिलं होतं, दिवा न लावता. तेही तिच्या हिशेबात होतं. आपल्याच आईचा एकटेपणा पोरीनं इतकी वर्षं सांभाळून ठेवला, आणि तो विकायला काढताना तिला वाटलं असेल की आपण आईला न्याय देतोय. यामिनीला तिची दया आली आणि मग त्या दयेचाच राग आला. एकटेपणा होता. अजूनही कधी कधी असतो. पण तो माझा आहे, आणि माझ्या वाकळीत मी तो घातलेला नाही, एका टाक्यानंसुद्धा नाही. वाकळीत बसले की तो दाराबाहेर असायचा. हे या पोरीला कोणत्या भाषेत सांगायचं?

श्यामसुंदरला दोन दिवसांत कळलंच. ऑफिसातल्या कुणीतरी फोन दाखवला, हसत हसत विचारलं की मोघेबाबू, आपण अजून आहात ना. तो घरी येऊन बूटही न काढता खुर्चीत बसला. मग म्हणाला, हे सगळं बंद कर. पान, मेळा, विकणं, सगळं. मी काय कमी केलं तुला? यामिनीनं सांगितलं की तिनं ते लिहिलेलं नाही. त्यानं ऐकलं नाही. त्यानं फोन काढून ते इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचलं, अनोळखी शहरात, रिकाम्या घरात, आणि रिकाम्या या शब्दाशी त्याचा आवाज चिरकला. यामिनी त्याच्याकडे पाहत होती. इतक्या वर्षांत तिनं ब्लॉगवर किती लिहिलं होतं, त्यातली एक ओळ या माणसानं वाचलेली नव्हती. तिच्या धंद्यातलं जे पहिलं वाक्य त्यानं वाचलं, ते तो नसल्याचं होतं. आणि वाचून दुखलं त्याला एवढंच, की मी कुठे आहे यात. तिला हसू आलं, आणि ते दाबायला ती स्वयंपाकघरात गेली. तिथे ओट्याला टेकून उभी असताना तिच्या लक्षात आलं की दोघंही तिला एकच गोष्ट सांगत आहेत. एक म्हणते एकटी दिस, दुसरा म्हणतो दिसूच नकोस. वाकळ कशी झालीय, हे कुणीच विचारत नव्हतं.

मेळ्याला ती गेली. श्यामसुंदर आला नाही. पेपर तोंडासमोर धरून बसला. केतकी वाटेत सारखी सांगत होती की आई, तू काही बोलू नकोस, ती विचारेल तेव्हा फक्त हस, थोडी थांब, डोळे खाली कर, बाकी मी सांभाळते. श्यामबाजारला मेट्रोतून उतरून त्या चालत निघाल्या. बागबाजारच्या एका गल्लीच्या तोंडाशी पाटी होती, मराठा डिच लेन. यामिनीनं ती पूर्वीही पाहिली होती. मराठे शहरात शिरू नयेत म्हणून कोणे एके काळी इथून खंदक खणायला घेतला होता, आणि शेजारणी अजूनही तिला चेष्टेनं बर्गी, म्हणजे लुटायला आलेला मराठा स्वार, म्हणायच्या. खांद्यावर वाकळींचं गाठोडं घेऊन ती पाटीखालून गेली. गाठोडं जड होतं, दोऱ्यांचा आणि कापराचा वास नाकाशी येत होता, आणि तिला उगीचच बरं वाटलं.

जुन्या घराच्या दालनात मेळा होता. तिच्या कोपऱ्यात भिंतीवर तिचाच तो फोटो मोठा करून लावला होता. खाली मान, मोकळे हात. पुढे मेणबत्त्या. मेणबत्त्या पाहून यामिनी थांबली. आपल्याच तसबिरीपुढे आपण उभे आहोत, फक्त हार तेवढा राहिलाय. मेळा भरवणारी शर्बरी नावाची तरुण मुलगी धावत आली, पाया पडली, यामिनीला खुर्चीवर बसवलं. मुलगी खरंच प्रेमळ होती. तिच्या आवाजात काही बनावट नव्हतं, आणि त्यानंच यामिनीला अवघड झालं. लबाड माणसाला तोंडावर सांगून टाकता आलं असतं. फोन एका तिकाटण्यावर बसवला होता. समोर बायका जमल्या, काहींच्या हातात रुमाल तयार होते. शर्बरीनं तिची ओळख करून दिली, मोडून न पडलेली बाई म्हणून. वाकळीवरून हात फिरवला, पण पाहिलं नाही तिच्याकडे. मग हिंदीत, अगदी हळुवार विचारलं की दीदी, असं कोणतं दुःख होतं, ज्यानं तुमच्या हातात सुई दिली?

यामिनीनं मान खाली घातली नाही. तिला समोर केतकी दिसत होती, ओठ घट्ट मिटलेली, लहानपणी बक्षीस समारंभाला उभी राहायची तशी. तिच्या मागे दार, दारातून रस्त्याचा पांढरा उजेड. मंगलाकाकूचं तोंडातली सुई सांभाळत हसणं तिच्या कानाशी आलं. बोलताना तिचं हिंदी नेहमीसारखंच ओबडधोबड होतं, पण आवाज हलला नाही.

"कोणतंच नाही," ती म्हणाली. "माझा नवरा जिवंत आहे, घरी पेपर वाचतोय. पण तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं. मी शिवते कारण मला शिवता येतं. मला मजा येते."

दालनात कुणीतरी खोकलं. शर्बरी कसनुशी हसली. म्हणाली की पण पोस्टमध्ये तर… यामिनी म्हणाली की ती मी लिहिलेली नाही, जे मी लिहिते ते कुणी वाचत नाही. मग ती खुर्चीवरून उठली, वाकळ उचलून तिनं जमिनीवर पसरली, आणि समोरच्या बायकांना सांगितलं, इथे बसा, हात लावून बघा, हा कोपरा माझा फसलाय, इथे टाके दाट पडलेत, आणि हे बघा हे जांभळं, हे कसं बसलंय. दोघीतिघी बसल्या. एका म्हातारीनं उलटी बाजू पाहिली, अंगठ्यानं टाका दाबून पाहिला, आणि मान हलवली. बाकीच्या मागे सरल्या. रुमालवाल्या आधी गेल्या.

परतीच्या मेट्रोत केतकी रडली. मोठ्यानं नाही, खिडकीकडे तोंड करून. लोकांनी खाली काय काय लिहिलं होतं ते ती वाचून दाखवत होती. फसवणूक, नाटकी बाई, दुःखाचा बाजार. कितीजणांनी मागणी रद्द केली होती. मेळ्यानं तो भाग काढून टाकायला घेतला होता. मी तुझ्यासाठी केलं होतं, केतकी म्हणाली, सगळं तुझ्यासाठी. यामिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मला माहीत आहे, ती म्हणाली. पण पासवर्ड मला दे. केतकीनं ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि दिला.

घरी श्यामसुंदर दारात उभा होता. त्यानं सगळं फोनवर पाहिलं होतं. चेहरा खुलला होता, कित्येक दिवसांत नव्हता इतका. त्यानं स्वतः चहा टाकला होता. छान बोललीस, तो म्हणाला, एकदम छान, आता असं करू, तुझा माझा एक चांगला फोटो काढू, वाकळ मध्ये धरून, आणि तोच टाकू पानावर, म्हणजे एकदाचं सगळ्यांना कळेल. यामिनीनं चहा घेतला. चहा चांगला झाला होता, आणि तिनं तसं सांगितलंही.

"फोटो नको," ती म्हणाली. "तुम्ही आहात हे सांगायला मी बोलले नाही."

"मग कशाला बोललीस?"

तिनं कप खाली ठेवला. उत्तर होतं तिच्याकडे, पण ते एवढ्यात, उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. "लिहिणार आहे," ती म्हणाली. "मराठीत. वाचा."

रविवारी सकाळी ती उठली तेव्हा बाहेर ऊन चढत होतं. आजवर तिनं वाकळ मांडायची ती दोघंही घराबाहेर पडल्यावर, आणि दोघं परत यायच्या आत थर गुंडाळून पलंगाखाली सरकवायची; जाण्यायेण्याच्या वाटेत कुणाला अडचण नको. कधी कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, तिनंच ठरवलं होतं. आज तिनं दिवाणखान्यातलं टेबल भिंतीशी लोटलं. खुर्च्या एकावर एक चढवल्या. मधल्या मोकळ्या जागेत तिनं पहिली साडी अंथरली, मग दुसरी, मग आडवं धोतर, आणि गुडघ्यांवर बसून तळव्यानं सुरकुत्या बाहेर लोटत गेली. कापड दारापर्यंत पोचलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलं. केतकी आपल्या खोलीतून बाहेर आली आणि कडेला थबकली. श्यामसुंदर सोफ्यावर पेपर घेऊन बसला होता. कापडाची कड त्याच्या पायांशी आली तेव्हा त्यानं पेपर खाली करून आधी कापडाकडे, मग तिच्याकडे पाहिलं. काय चाललंय, कुठून जायचं आता, असं काहीतरी त्याच्या तोंडाशी आलेलं दिसलं.

यामिनीनं सुईत दोरा ओवला. दात लावून तोडला.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.